अवजार हाताला बसले पाहिजे



सुतार कामाला बसला की आधी अवजारे मांडतो. रंधा उजव्या हाताशी, पटाशी त्याच्या शेजारी, करवत थोडी पलीकडे. गवंड्याची थापी आणि ओळंबा, शिंप्याची कात्री आणि टेप, यांनाही जागा ठरलेल्या असतात. जे घडोघडी लागते ते हाताशी आणि जे वर्षा-सहा महिन्यांनी लागते ते पेटीच्या तळाशी. ही मांडणी पुस्तकाने शिकवलेली नसते, कामाने शिकवलेली असते. दुसऱ्या कुणी पेटी विस्कटली तर कारागीर चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्तच असते.

आता आपल्याच घरातली मुलगी किंवा मुलगा संगणकावर बसतो तेव्हा पाहा. अर्ज, पत्र, अहवाल लिहिण्याचे सॉफ्टवेअर, म्हणजे वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर, उघडले की वरच्या अंगाला बटणांची रांगच रांग दिसते. त्यातली आठ-दहा बटणे रोज लागतात. बाकीची कशाची आहेत हेही आपल्याला ठाऊक नसते. लागणारे बटण मात्र नेमके तीन क्लिक आत दडलेले असते. ही पेटी कंपनीने तिच्या सोयीने मांडलेली आहे. ती आपल्या सोयीने मांडता येते, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून हा लेख.

हा विषय किरकोळ आहे असे कुणी समजू नये. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलेमुली डीटीपीच्या दुकानात, झेरॉक्स सेंटरवर, वकिलाच्या कचेरीत, कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या टेबलावर काम करतात. तिथे बहुधा मजुरी पानावर मिळते, तासावर नाही. माऊस शोधण्यात, मेनू उघडण्यात, चुकून गेलेला मजकूर पुन्हा टाइप करण्यात जो वेळ जातो, तो मालकाच्या खिशातून जात नाही. तो आपल्या मुलीच्या खिशातून जातो, आणि संध्याकाळी तिच्या मनगटातून, खांद्यातून ठणकतो.

सरकारी नोकरीच्या वाटेवरही हेच आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द, ही अट आपल्या घराघरांत पाठ आहे. मुले क्लासला जातात, बोटे बसवतात, परीक्षा देतात. परंतु कचेरीत काम नुसत्या टाइप करण्याचे नसते. मथळा मधोमध आणणे, तक्ता आखणे, जुन्या पत्रातला परिच्छेद नव्यात घेणे, साहेबांनी केलेल्या दुरुस्त्या घालणे, यात निम्मा दिवस जातो. त्या निम्म्या दिवसाचा वेग कोणत्या कळांनी वाढतो, तेही मुलांना शिकवले पाहिजे.

कळा आल्या कुठून?

आधी थोडा इतिहास पाहू, कारण इतिहास कळला की कळा लक्षात राहतात.

१९७८ साली अमेरिकेत वर्डस्टार नावाचे लेखनाचे सॉफ्टवेअर बाजारात आले. त्या काळात माऊस सर्वसामान्यांच्या टेबलावर नव्हता, आणि कित्येक कीबोर्डांवर बाणाच्या कळासुद्धा नव्हत्या. म्हणून वर्डस्टारने डाव्या हाताखालच्या चार कळा घेतल्या. कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस म्हणजे डावीकडे, डी म्हणजे उजवीकडे. कीबोर्डावर त्या कळांची जागा पाहिली तर शंकरपाळ्यासारखा आकार दिसतो. अक्षराशी अर्थाचा काही संबंध नाही, फक्त जागेशी आहे. बोट ज्या दिशेला जाते, त्याच दिशेला कर्सर जातो.

ऐंशीच्या दशकात वर्डपरफेक्टचा बोलबाला झाला. त्यात वरच्या एफ-१, एफ-२ अशा कळांना निरनिराळी कामे दिलेली होती. ती इतकी होती की त्या कळांभोवती ठेवण्यासाठी छापील पट्टी मिळत असे. टायपिस्ट ती पट्टी पाहत पाहत काम शिके.

आज जगभर चालणाऱ्या कापा, नकला करा, चिकटवा या तीन कामांचा जन्म त्याआधीच झाला होता. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची संशोधन संस्था होती. तिथे १९७० च्या दशकाच्या मध्यास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचे लेखन-सॉफ्टवेअर तयार केले. कट आणि पेस्ट हे शब्द आले ते खऱ्याखुऱ्या कात्री आणि खळीवरून. आपल्याकडेही वर्तमानपत्रांत ब्रोमाईड कापून पानावर चिकटवणारे पेस्टिंगचे कामगार असत. जुन्या छापखान्यात काम केलेली मंडळी आजही आपल्यात आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांच्याच हातचे काम पडद्यावर आले.

टेस्लर पुढे ॲपल कंपनीत गेले. १९८३ साली ॲपलचा लिसा नावाचा संगणक आला, त्यात या कामांना कळा ठरल्या. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण. सी म्हणजे कॉपी. व्ही म्हणजे मजकुरात शब्द घुसवताना लेखनिक करतो त्या खुणेसारखा आकार. आणि झेड ही त्यांची शेजारीण, केलेले मागे घेण्यासाठी. चारही कळा खालच्या ओळीत एकमेकींना लागून आहेत. म्हणजे उजवा हात माऊसवर असला तरी डाव्या हाताने चारही कामे होतात. पुढे विंडोजनेही याच कळा घेतल्या. फरक इतकाच की ॲपलवर कमांड कळ दाबायची आणि विंडोजवर कंट्रोल. टेस्लर २०२० साली वारले. त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, परंतु त्यांच्या चार कळा जगातला जवळजवळ प्रत्येक संगणक चालवणारा माणूस रोज दाबतो.

बाकीच्या बऱ्याचशा कळा इंग्रजी शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून आहेत. सेव्हची एस, प्रिंटची पी, बोल्डची बी. ज्याची भाषा इंग्रजी त्याला हे सोपे आहे. स्पॅनिश भाषेतल्या वर्डमध्ये तर कळाच वेगळ्या आहेत. तिथे सेव्हला जी आहे, कारण त्यांचा शब्द ग्वार्दार, आणि बोल्डला एन, कारण त्यांचा शब्द नेग्रीता. मराठी माध्यमातल्या मुलांनी यावरून एकच बोध घ्यावा. कळ ही हुशारीची परीक्षा नाही. कुणीतरी आपल्या भाषेच्या सोयीने केलेली ती खूण आहे. चार दिवस हाताने गिरवली की ती आपलीही होते.

पट्ट्या बदलल्या, कळा राहिल्या

नव्वदच्या दशकात विंडोजवरचे वर्ड सर्वत्र पसरले आणि पडद्यावर चित्रांच्या बटणांच्या पट्ट्या आल्या. यांनाच टूलबार म्हणतात. चित्र पाहून दाबायचे, पाठांतराची गरज नाही, म्हणून नवशिक्याला ते बरे वाटले. त्या काळच्या वर्डमध्ये बटणे उचलून इकडची तिकडे नेता येत, नको ती काढून टाकता येत, स्वतःची नवी पट्टीही करता येत असे. पुष्कळ टायपिस्टांनी वर्षानुवर्षे घालून आपापल्या पट्ट्या जमवल्या होत्या.

मग वर्ड २००७ आले. जुने मेनू आणि जुन्या पट्ट्या गेल्या, त्या जागी रिबन नावाची रुंद पट्टी आली. ती आपल्या मनाप्रमाणे बदलण्याची सोय त्यात दिलेलीच नव्हती. क्विक ॲक्सेस टूलबार नावाची एक छोटी पट्टी तेवढी आपल्यासाठी ठेवली होती. रिबन सहज बदलण्याची सोय पुढे वर्ड २०१० मध्ये मिळाली. दहा-दहा वर्षे काम केलेल्या लोकांना एका दिवसात बटणे शोधत बसावे लागले. ज्यांचे सगळे ज्ञान 'तिसऱ्या ओळीतले चौथे बटण' असे होते, त्यांचे हात थबकले. परंतु ज्यांच्या हातात कळा होत्या त्यांचे काम फारसे अडले नाही. कंट्रोल-एसने २००३ मध्ये सेव्ह होत होते, २००७ मध्येही झाले आणि आजही होते.

सगळ्याच कळा अमर आहेत असे मात्र नाही. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही ही कळ पूर्वी उचललेली सजावट दुसऱ्या मजकुराला लावण्यासाठी होती. अलीकडच्या आवृत्त्यांत तीच कळ सजावटीशिवाय नुसता मजकूर चिकटवते. पण असे क्वचित होते. मूळ पंधरा-वीस कळा चाळीस वर्षांत फारशा हललेल्या नाहीत. बटणांच्या जागा दर काही वर्षांनी हलतात.

माऊस की कळ?

यावर जाणकारांत मतभेद झाले आहेत, ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. ॲपलचे ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ साली लिहिले की त्यांच्या चाचण्यांत लोकांना कळ जलद वाटते, परंतु घड्याळ लावून पाहिले तर माऊस जलद ठरतो. कळ आठवण्यात जो वेळ जातो तो माणसाला जाणवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

उलट बाजूने, अमेरिकेतील राईस विद्यापीठाचे डेव्हिड लेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वर्डच्या २५१ अनुभवी वापरकर्त्यांना विचारले की नेहमीची कामे तुम्ही कशी करता. बहुतेकजण कळा क्वचित वापरत होते, बटणांवरच क्लिक करत होते. मग कोणती रीत जलद हेही त्यांनी तपासले, आणि त्यात कळाच सरस ठरल्या. म्हणजे वर्षानुवर्षे काम करूनही कळा आपोआप अंगी येत नाहीत. त्या मुद्दाम शिकाव्या लागतात.

आम्हांला या दोन्हींत फारसा विरोध दिसत नाही. जी कळ आठवावी लागते ती मंद, जी हाताला ठाऊक असते ती जलद. म्हणून सर्व कळा पाठ करण्याच्या फंदात पडू नये. आमचा हिशेब सुताराच्या पेटीसारखाच आहे. जे काम दिवसातून शंभर वेळा करावे लागते त्याची कळ शिका. जे दहा वेळा करावे लागते आणि ज्याला सोपी कळ नाही, त्याचे बटण पट्टीवर आणून ठेवा. जे महिन्यातून एकदा लागते ते मेनूत राहू द्या, लागेल तेव्हा माऊसने शोधा.

पहिला आठवडा, दुसरा आठवडा

एका आठवड्यात पाचच कळा घ्याव्यात. खालील कळा वर्डमध्ये आणि लिबरऑफिस रायटरमध्ये दोन्हीकडे चालतात.

पहिल्या आठवड्यात: कंट्रोल-एस सेव्ह, कंट्रोल-झेड केलेले मागे घेणे, कंट्रोल-सी नक्कल, कंट्रोल-एक्स कापणे, कंट्रोल-व्ही चिकटवणे. यातली एस सर्वांत मोलाची. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. परिच्छेद संपला की कंट्रोल-एस, ही सवय पूर्णविरामासारखी अंगी बाणली पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात मजकुरात हिंडणे: कंट्रोल दाबून उजवा-डावा बाण म्हणजे एकेक शब्द पुढे-मागे. होम आणि एन्ड म्हणजे ओळीची सुरुवात आणि शेवट. कंट्रोल-होम आणि कंट्रोल-एन्ड म्हणजे संपूर्ण कागदाचा आरंभ आणि अखेर. यांच्या जोडीला शिफ्ट दाबली की तेवढा मजकूर निवडला जातो. माऊसने ओढून निवडताना शेवटचे अक्षर सुटते किंवा पुढची ओळ निवडली जाते, तो त्रास इथे नाही. कंट्रोल-बॅकस्पेसने अख्खा शब्द जातो.

तिसऱ्या आठवड्यात सजावट: बी ठळक, यू अधोरेखित, ई मधोमध, एल डावीकडे, आर उजवीकडे, जे दोन्ही कडा सरळ. सर्व कंट्रोलसोबत. स्पेसबार दाबदाबून मथळा मधोमध आणणारी मुले आम्ही पुष्कळ पाहतो. फाँट बदलला की तो मथळा सरकतो. कंट्रोल-ईने आणलेला मथळा सरकत नाही. तसेच नवे पान हवे असेल तर एंटर पंधरा वेळा दाबू नये, कंट्रोल-एंटर एकदाच दाबावे.

चौथ्या आठवड्यात शोध: कंट्रोल-एफ शोधणे, कंट्रोल-एच शोधून बदलणे. बचत गटाच्या चाळीस पानी अहवालात अध्यक्षांचे आडनाव सर्वत्र चुकले असेल, तर चाळीस पाने चाळायची गरज नाही. कंट्रोल-एच उघडून चुकीचा शब्द एका चौकटीत आणि बरोबर शब्द दुसरीत लिहा. मात्र 'सर्व बदला' दाबण्याआधी दोन-तीन ठिकाणी एकेक करून पाहा. एखादा छोटा शब्द दुसऱ्या मोठ्या शब्दाच्या पोटात असतो आणि तोही बदलून जातो.

सगळ्याच कळा दोन्हीकडे सारख्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. वर्डमध्ये कंट्रोल-१ने ओळींमधले अंतर एकेरी होते, कंट्रोल-२ने दुप्पट आणि कंट्रोल-५ने दीडपट. रायटरमध्ये मात्र कंट्रोल-१ने तो परिच्छेद मोठा मथळा होतो. नव्या जागी कामाला लागलात तर पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर आपल्या कळा तपासून घ्याव्यात. हे सोन्यासारखे पाच मिनिटांचे काम आहे.

मराठी टाइप करताना

कीबोर्ड मराठीवर असला तरी कंट्रोलच्या कळा सहसा इंग्रजी अक्षराच्या जागीच राहतात. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या कळेवर म असतो आणि व्हीच्या कळेवर न. तरी नक्कल करायला कंट्रोलसोबत तीच सीची कळ. भाषा बदलण्यासाठी माऊस खाली कोपऱ्यात नेण्याची गरज नाही. विंडोज ८ पासून पुढे विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की इंग्रजीचे मराठी आणि मराठीचे इंग्रजी होते. अर्जात मध्येच इंग्रजी पत्ता किंवा पॅन क्रमांक लिहावा लागतो, तिथे ही एक कळ दिवसाकाठी बराच वेळ वाचवते.

इनस्क्रिप्ट ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण केली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि भारतीय लिप्यांना हीच मांडणी. एक शिकले की हिंदीच काय, गुजराती, कन्नडचेही हात बसतात. ज्या मुलांनी अजून कोणतीच मांडणी शिकलेली नाही त्यांनी याचा विचार जरूर करावा.

पट्टी मांडावी कशी?

वर्डमध्ये ज्या बटणाची वारंवार गरज पडते त्यावर माऊसचे उजवे बटण दाबा. एक यादी उघडते, त्यात क्विक ॲक्सेस टूलबारमध्ये टाका अशा अर्थाची ओळ असते. ती दाबली की ते बटण त्या छोट्या पट्टीवर येते. अलीकडच्या वर्डमध्ये ही पट्टी कधी कधी लपवलेली असते. रिबनवर उजवे बटण दाबून ती दाखवण्याची ओळ निवडावी.

या पट्टीची खरी गंमत पुढे आहे. ऑल्ट कळ दाबा. पट्टीतल्या बटणांवर १, २, ३ असे आकडे दिसतात. पहिल्या बटणाला ऑल्ट मग १, दुसऱ्याला ऑल्ट मग २. म्हणजे ज्या कामाला कळ नव्हती, त्यालाही आपण कळ दिली. क्रम आपण ठरवावा. तक्ता घालणे, छपाईआधी पान पाहणे, नुसता मजकूर चिकटवणे, पीडीएफ करणे ही चार-पाच कामे पहिल्या क्रमांकांवर ठेवली की अर्ज करणाऱ्याचे हात कीबोर्डवरून उठतच नाहीत. आठ-दहाच्या वर बटणे जमवू नयेत, नाहीतर तीही गर्दी होते.

स्वतःची कळ बनवायची असेल तर फाईल, मग ऑप्शन्स, मग कस्टमाइझ रिबन, तिथे अगदी खाली कीबोर्ड शॉर्टकट्सचे बटण आहे. काम निवडा, हवी ती कळ दाबा. ती कळ आधीच दुसऱ्या कामाला दिलेली असेल तर तिथेच तसे दिसते. ते वाचूनच पुढे जावे. कंट्रोल-एससारख्या सार्वत्रिक कळेचे काम कधीही बदलू नये, नाहीतर दुसऱ्या संगणकावर आपलेच हात आपल्याला फसवतील.

लिबरऑफिस रायटरमध्ये टूल्सच्या मेनूत कस्टमाइझ आहे. मेनू, टूलबार, कीबोर्ड या तिन्हींची मांडणी तिथेच बदलते. लिबरऑफिस हे २०१० साली सुरू झालेले मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत, मेनू मराठीतही करून घेता येतात. घरी जुना संगणक असेल आणि वर्ड विकत घेण्याची ऐपत नसेल, तर चोरून टाकलेल्या वर्डपेक्षा हे शंभर पटीने बरे.

पुष्कळांचा प्रश्न असतो की संगणक आपला नाही, एकाच यंत्रावर तिघे पाळीपाळीने बसतात, मग पट्टी कशी बदलावी? याला दोन वाटा आहेत. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते केले तर प्रत्येकाची मांडणी वेगळी राहते. ते जमत नसेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये पट्टी सर्व कागदांसाठी न बदलता फक्त एका कागदापुरती बदलता येते. तिथेच आपली मांडणी फाईल म्हणून बाहेर काढण्याचीही सोय आहे. पेन ड्राईव्हवर ती फाईल ठेवली की नव्या जागी वर्डमध्ये परत घालता येते. फक्त ती घालताना तिथली आधीची मांडणी पुसली जाते. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावर विचारल्याशिवाय हे करू नये. त्याचीही पेटी त्याने कष्टाने मांडलेली असते.

तेच तेच पुन्हा टाइप का करावे?

'प्रति, माननीय तहसीलदार साहेब' ही सुरुवात एक मुलगी दिवसातून वीस वेळा टाइप करते. वर्डमध्ये हा मजकूर एकदा लिहून निवडावा आणि ऑल्ट-एफ-३ दाबावे. नाव विचारले की छोटेसे नाव द्यावे, समजा 'तह'. पुढे कुठेही तह लिहून एफ-३ दाबले की सगळा मजकूर उमटतो. रायटरमध्ये अशी साठवण करण्यासाठी कंट्रोल-एफ-३ आणि उमटवण्यासाठी तेच एफ-३. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्यासोबतचे स्वयंघोषणापत्र, यांचे ठरलेले मजकूर असे साठवले तर अर्जाचा वेळ निम्म्याने कमी होतो. त्याहून मोठी गोष्ट, मजकूर एकदा शुद्ध लिहिला की दर वेळी शुद्धच उमटतो. शुद्धलेखनाच्या चुकीने परत आलेला अर्ज म्हणजे एखाद्या माउलीची बुडालेली रोजी असते.

ज्यांना कळांवाचून इलाज नाही

एका गोष्टीचा विचार फार थोडे लोक करतात. आपल्यासाठी कळ ही सोय आहे, परंतु दृष्टिहीन माणसाला तीच वाट आहे. पडद्यावरचा बाण ज्याला दिसत नाही त्याला माऊसचा उपयोग काय? २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए नावाचे सॉफ्टवेअर सुरू केले, आणि जेम्स तेह हे दृष्टिहीन सहकारी त्याला येऊन मिळाले. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते, मोफत आहे, आणि मराठीही वाचते. त्यावर काम करणारा माणूस वर सांगितलेल्या याच कळांनी पत्र लिहितो, दुरुस्त करतो, छापतो. आपल्या घरात किंवा शेजारी असे मूल असेल तर त्याला संगणक जमणार नाही असे कुणी म्हणू नये.

तसेच यंत्रात बोटे गेलेला कामगार. एका हाताने कंट्रोल-शिफ्ट अशी जोडी कशी दाबावी? विंडोजमध्ये शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज सुरू करायचे का असा प्रश्न येतो. होय म्हटले की कळा एकाच वेळी दाबाव्या लागत नाहीत. आधी कंट्रोल दाबून सोडा, मग सी दाबा, काम होते. प्रेसवर, लेथवर हात गमावलेल्या किती भावांना हे ठाऊक आहे? प्रत्येक वस्तीत निदान एकाने तरी हे दुसऱ्याला सांगावे.

सांगा, लपवू नका

कारागिरीच्या दुनियेत एक वाईट रीत होती. उस्ताद आपली खुबी शेवटपर्यंत सांगत नसे. डीटीपीच्या दुकानांतही ही रीत शिरली आहे. जुना ऑपरेटर भराभर कळा दाबतो, नवी मुलगी मागे उभी राहून बोटांकडे पाहते, आणि पाहता पाहता जेवढे कळेल तेवढेच तिचे. ज्ञान दाबून ठेवल्याने काय होते हे आपल्याहून अधिक कुणाला ठाऊक असणार? निदान आपण तरी ही रीत चालवू नये.

करायचे थोडेच आहे. एका पुठ्ठ्यावर वीस कळा मोठ्या अक्षरात लिहा. अभ्यासिकेत, वाचनालयात, जिथे कुठे संगणक असेल तिथे तो पुठ्ठा भिंतीला टांगा. वर्डपरफेक्टच्या पट्टीने एका पिढीला काम शिकवले, आपला पुठ्ठा दुसऱ्या पिढीला शिकवील. सुट्टीच्या दिवशी ज्या ताईला येते तिने चौघींना शेजारी बसवून तासभर दाखवावे. उजवा हात माऊसवरून उचलून मांडीवर ठेवायला सांगावे, आणि एक साधा अर्ज सुरुवातीपासून छपाईपर्यंत नुसत्या कळांनी करून घ्यावा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. तिसऱ्या अर्जाला दहा मिनिटे लागतील. मग पुठ्ठ्याकडे कोण पाहते आणि कोण पाहत नाही ते तुमचे तुम्हालाच दिसेल.